नळी वेगळी मिळेल

विश्रामबाग, सांगली
९ फेब्रुवारी २०२५

ती. सुहासिनीताईस,
गोपाळचा शि. सा. न. वि. वि.

परवा तुझा फोन आला तेव्हा मीच उचलला होता. बोटाने फोनवर तीनदा टकटक केली. तू दोनदा हॅलो म्हणालीस आणि ठेवून दिलास. राग नाही. ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, तरी फोन वाजला की माझा हात आधी जातो आणि कानाला लावल्यावर आठवतं. म्हणून आता पत्रच लिहितो. अक्षर अजून माझंच आहे.

मिरजेचे डॉक्टर म्हणाले, जखम चांगली भरली. स्वरयंत्र पूर्ण काढल्यामुळे श्वास आता गळ्याच्या भोकातून येतो-जातो. त्यावर पातळ रुमाल बांधतो. गेल्या वर्षीच्या किरणांच्या उपचारांनी गळ्याची कातडी लाकडासारखी झाली आहे. दाढी करताना वस्तरा कुठे आहे ते आरशात बघून कळतं. परवा कापलं, तेही टॉवेल लाल दिसल्यावर कळलं.

मुख्य बातमी अशी की वरदने बंगळूरहून ऑनलाइन मागवून बापाला बोलायचं यंत्र पाठवलं. लहान टॉर्चएवढं आहे. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, ते थरथरतं, आपण नेहमीसारखं तोंड हलवायचं आणि त्या थरथरीचे शब्द होतात. खोकं बुधवारी आलं. आत यंत्र, गळ्यात अडकवायची दोरी आणि नऊ भाषांतली पुस्तिका. चार्जर नाही. खोक्यावर हिरव्या पानाचं चित्र आहे आणि खाली छापलंय की पृथ्वीच्या काळजीपोटी चार्जर दिलेला नाही. यंत्राच्या बुडाला जे भोक आहे त्यात घरातली एकही वायर बसत नाही. पुस्तिकेच्या सतराव्या पानावर एका बारीक नळीचं चित्र आहे. ज्यांचा गळा कडक झाला आहे त्यांनी ती यंत्राला लावून तोंडात धरायची. चित्राखाली लिहिलंय, नळी वेगळी मिळेल. कुठे मिळेल ते लिहिलेलं नाही.

एकतीस वर्षं विजेच्या उपकेंद्रावर ड्यूटी करून अर्ध्या तालुक्याला लाइट सोडली. हे एवढंसं यंत्र टेबलावर पडून आहे आणि मी त्याच्याकडे बघत बसतो.

घरातलं टाळ्यांवर चाललं आहे. कुमुदचे डोळे साखरेने जाऊन चार वर्षं झाली, त्यामुळे पाटीवर लिहिलेलं तिला उपयोगाचं नाही. तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून पाहिली. पण साखरेने तिच्या हातांची जाणीवही कमी झाली आहे. मी ‘औषध’ काढलं तर ती म्हणाली, काय पुसताय? तेव्हापासून एक टाळी म्हणजे हो, दोन टाळ्या म्हणजे नाही. हो किंवा नाही याच्या पलीकडचं काही सांगायचं असलं की शेजारच्या रसूलभाईंची सून मुबश्शिरा येऊन पाटी वाचून दाखवते. वरदने फोनमध्ये लिहिलेलं वाचून दाखवणारी एक बाईही घालून दिली होती. ती बोलली की कुमुद पदर सावरून उठायची, कोण आलंय म्हणून. तिसऱ्या दिवशी तिने त्या बाईला घराबाहेर काढायला सांगितलं. मी काढली.

तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? उत्तर लिही. माझ्यावर जीव आहे तेवढा कागदावर उतरव, ऐकून परत काही म्हणता येत नाही.

तुझा
गोपाळ

---

शनिवार पेठ, सातारा
१६ फेब्रुवारी २०२५

चि. गोपाळकृष्ण यास,
सुहासिनीचे अ. उ. आ. वि. वि.

फोनचं वाचून दिवसभर चैन पडली नाही. मला वाटलं कर्ज हवंय का विचारणारे असतील, त्यांचाही फोन आधी असाच मुका असतो. तीन वर्षांचा होईपर्यंत तू एक शब्द बोलला नव्हतास आणि आई तुला घेऊन गावोगावच्या वैद्यांकडे हिंडायची. नंतर सुरू झालास तो साठ वर्षं थांबला नाहीस. मीच तुला गप्प बस म्हणून किती चिमटे काढले असतील. ते आता आठवायला नको होतं, पण आठवलं.

तू लिहिलेलं यंत्राचं वर्णन कागदावर उतरवून घेऊन मी पोवई नाक्यावरच्या तीन दुकानांत जाऊन आले. गुडघा बरा आहे, म्हणूनच गेले. एकाने दाढीचं मशीन काढून दाखवलं. दुसऱ्याने चार्जर न देणं ही आता सगळ्याच कंपन्यांची पद्धत आहे असं मला समजावून सांगितलं, जणू मी ती मोडायला आले होते. तिसरा भला होता. तो म्हणाला, आजी, हे औषधांच्या दुकानात विचारा. औषधांच्या दुकानात म्हणाले, हे इलेक्ट्रिकचं आहे.

नात अश्लेषा इथे वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुस्तिकेचे आणि खोक्याचे फोटो पाठव. मोबाइलवर फोटो पाठवायला आवाज लागत नाही.

आता एक रागवायचं आहे. तीस वर्षं मुलींच्या शाळेत निबंध तपासले, त्यामुळे काय राहून गेलंय ते मला लगेच दिसतं. पत्रभर तू काय काय केलंस ते लिहिलंस. या सगळ्यावर कुमुद स्वतः काय म्हणते याची एक ओळ नाही. ती बरी आहे का?

इथून आशीर्वाद पोस्टाने निघाले आहेत, पोचले की कळव.

तुझी
ताई

---

विश्रामबाग, सांगली
२७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
गोपाळचा शि. सा. न. वि. वि.

चार्जिंगचं जमलं. मिरजेत स्टेशनजवळ तौसीफ म्हणून एक मोबाइल दुरुस्तीवाला आहे. त्याने यंत्र उलटंसुलटं केलं, ड्रॉवरमधल्या शेदीडशे वायरी शोधल्या, मग एका जुन्या कॅमेऱ्याची वायर कापून तिला नवं टोक जोडलं. काम दहा मिनिटांचं. तो म्हणाला, काका, लोक माझ्याकडं मोडलेल्या वस्तू आणायचे, आता नव्याच अर्ध्या घेऊन येतात. घरी येऊन लावलं तर हिरवा दिवा लागला. मी कुमुदचा हात धरून यंत्रावर ठेवला, थरथर कळावी म्हणून. तिने हात काढून घेतला.

मग आरशासमोर उभा राहून गळ्याला लावलं. गळ्याच्या डाव्या बाजूला, उजव्या बाजूला, हनुवटीखाली, गालावर. यंत्र घुरघुरत होतं. तोंड हलत होतं. शब्द होत नव्हता. कातडी एवढी टणक आहे की थरथर आत जातच नाही. मला ती लागतही नाही. दुसऱ्याच्या गळ्याला लावल्यासारखं वाटत होतं. म्हणजे नळीशिवाय गत्यंतर नाही.

कंपनीला फोन करावा लागतो. फोनवर आधी ध्वनिमुद्रित बाई येते आणि म्हणते, तक्रार असल्यास हो म्हणा. ज्यांच्याकडे हे यंत्र असतं त्यांच्यातल्या एकालाही हो म्हणता येत नसणार, पण हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. मुबश्शिराने माझ्या वतीने हो म्हटलं. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर माणूस आला. तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, नियमाप्रमाणे मला खुद्द गिऱ्हाइकाशी बोलून खात्री करावी लागेल, फोन त्यांच्याकडे द्या. तिने दिला. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. तो चार-पाच वेळा सर, सर म्हणाला. मग आवाज येत नाही म्हणून फोन कट झाला. मुबश्शिरा हसायला लागली. मला हसूही आलं नाही.

कुमुद बरी आहे. काय म्हणते ते लिहायचं तर आता ती फारसं काही म्हणत नाही. आधी दिवसभर तिचं चालू असायचं, मी टाळ्या द्यायचो. आता टाळी द्यावी असं काही ती विचारत नाही.

अश्लेषाला फोटो पाठवले आहेत. पोरीला म्हणावं, आजोबा तिच्या लेखणीच्या भरवशावर आहेत. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा
गोपाळ

---

शनिवार पेठ, सातारा
६ मार्च २०२५

चि. गोपाळकृष्ण यास,
सुहासिनीचे अ. उ. आ. वि. वि.

घाईने लिहिते. अश्लेषाने कंपनीला असं पत्र धाडलं की मलाच वाचून धडकी भरली. त्यात ग्राहक मंच, नुकसानभरपाई आणि कलमं होती. शेवटचं वाक्य मी घालायला लावलं, की तुम्ही ज्याला मुका माणूस समजून वस्तू विकता त्यालाच फोनवर बोलायला सांगता, हे लिहिताना आम्हाला लाज वाटते. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. दिलगिरी आहे, पण नळी खोक्यात देण्याचं धोरण नाही, ती वेगळीच मागवावी लागेल. म्हणून मागवली. ती चेन्नईहून निघाली आहे आणि अकरा किंवा बारा तारखेला तुझ्या पत्त्यावर पोचेल.

आता बोलायला लागल्यावर पहिलं काय बोलायचं ते ठरवून ठेव. पहिला फोन मला करायचा नाही. पहिलं कुमुदशी बोलायचं. माझा नंबर दुसरा चालेल, मी मोठी असले तरी.

घाईतही माया कमी झालेली नाही, हे अक्षरावरून ताडू नये.

तुझी
ताई

---

विश्रामबाग, सांगली
२४ मार्च २०२५

ती. ताईस,
गोपाळचा शि. सा. न. वि. वि.

नळी आली नाही. अश्लेषाला कंपनीने कळवलं की अकरा तारखेला दुपारी बारा वाजता पोचवली, घरच्यांची सही आहे. सहीचा फोटोही पाठवला. नुसती एक वाकडी रेघ आहे. अकराला मी तपासणीसाठी मिरजेला होतो. मुबश्शिराने कुमुदला पाटीवरून विचारलं, कुणी आलं होतं का? ती म्हणाली, कोणी नाही. कुरिअरच्या कचेरीत जाऊन आलो. तिथला माणूस म्हणाला, आमच्याकडे पोचलं असंच दिसतंय. मी पाटीवर लिहिलं, पोचलेलं नाही. त्याने पुन्हा संगणकाकडे बघून तेच सांगितलं. मी पुन्हा पाटी वर केली. असं तीनदा झाल्यावर मागच्या माणसाने मला बाजूला व्हायला सांगितलं, मी झालो.

मग घरीच खटपट केली. सलाइनची नळी लावून पाहिली. ती फार मऊ पडते, दाताखाली मिटते. मासे पाळतात त्या काचपेटीच्या दुकानातून हवेची नळी आणली. ती यंत्राला बसत नाही, टोपण लागतं. औषधाच्या बाटलीचं टोपण भोक पाडून बसवलं, तर तोंडात लाळ साचून नुसता बुडबुड्यांचा आवाज झाला. आता यंत्र कपाटावर ठेवलं आहे. पुस्तिकाही तिथेच आहे.

तुला वाटेल मी चिडलो आहे. नाही. सकाळी उठतो, भोक साफ करतो, कुमुदला इन्सुलिन देतो, दूध तापवतो. ती स्वयंपाक हाताच्या अंदाजाने करते, मी जवळ उभा राहतो. जेवतो. चव लागत नाही, कारण वास नाकापर्यंत जात नाही. दोघं बसून राहतो. घरात आवाज असा फक्त मीच करतो आणि तोही भांड्यांचा. भांडी मुद्दाम जोरात ठेवतो, म्हणजे मी आहे हे तिला कळेल. परवा मी खुर्चीत शांत बसलो होतो तेव्हा ती माझ्या समोरून हात पुढे करून चाचपत गेली आणि मी तिथे नाहीच असं समजून दार लावून घेतलं. मी टाळी वाजवली नाही. का नाही वाजवली ते मला सांगता येणार नाही.

वरद म्हणतो, दुसरं यंत्र घेऊ. त्यातही काहीतरी वेगळं मिळेलच.

एवढंच. तुझी आठवण असते, तुलाही माझी असावी.

तुझा
गोपाळ

---

सांगली
२६ मार्च २०२५

ती. वन्सं यांस,
कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

मी सांगतीया आन मुबश्शिरा लिहितीया. तिचा रोजा हाय तरी बसलीया. मी बोलंल तसंच लिही म्हणून सांगितलंय, तवा तुमी मास्तरीणबाईगत चुका काढू नका. कुंडलची पोर हाय मी, चाळीस वर्सं सांगलीत काढली तरी जीभ तिथलीच ऱ्हायली. हे आत्ता मिरजेला गेल्यात. ह्यांस्नी यातलं काय कळवू नका.

ती नळी आलीया, वन्सं. अकरा तारखेलाच आली. कुरिअरवाल्यानं माझं बोट धरून फोनच्या काचेवर फिरवलं, सही म्हणून. पाकीट हातात घेतलं, चाचपलं. हाताला नीट कळत न्हाई, म्हणून गालाला लावून बघितलं. बारीक नळी आन टोपणागत काय तरी. मला समजलं. माझा जुन्या चष्म्यांचा डबा हाय. डोळं जाईपर्यंत सात नंबर बदललं, सातीच्या सात चष्मे त्यात हायेत. तो डबा आता कोण उघडत न्हाई. त्यात ठेवली.

मुबश्शिराला ह्यांनी विचाराय लावलं तवा मी न्हाई म्हणलं. तिला बी आज पयल्यांदाच कळतंय. लिहायची थांबलीया ती. लिही गं.

डोळं गेलं तवा ह्यांचा चेहरा गेला. पयल्या वर्साला आठवायचा, आता लग्नाच्या फोटोतला तेवढा येतो, तो बी मिशीवाला. त्यानंतर मला हे म्हंजे आवाजच. फाटकातनं ‘कुमुद, दार’ म्हणायचे. पेपर वाचून दाखवायचे, मधीच बातमी सोडून स्वतःचंच सांगाय लागायचे. त्यावरनं मी कळायचं ते कळून घ्यायची, आज दमलेत का, खोटं बोलत्यात का.

मिरजेच्या वॉर्डात फलटणकडचा एक म्हातारा हुता. तो असल्या यंत्रानं बोलायचा. मिक्सरमधनं माणूस बोलावा तसं. मी तो दोनच दिवस ऐकला तर आठवडाभर डोक्यातनं जाईना. आवं, परक्या माणसाचा जाईना, तर ह्यांचा कसा जाईल? हे तसं बोलाय लागले की ह्यांचा खरा आवाज पुसून जाणार. मग माझ्याजवळ काय ऱ्हाईल? आत्ता तरी डोक्यात हाय. दुपारची बसून ऐकते. मी काय बोलले की ह्यांचं उत्तर त्या आवाजात आपोआप येतं. ते जपून वापरावं वाटतं, म्हणून मी बोलणं बी कमी केलंय.

हे कपाटावर यंत्र ठेवताना मी आवाज ऐकला. मला वाटलं, आता वाईट वाटंल. वाटलं न्हाई. लय दिवस झालं मला काईच वाटत न्हाई. म्हणून तुमाला सांगतीया. काय तरी वाटाय पायजे हुतं एवढं मला कळतंय.

तुमी रागवा. पर नातं तोडू नका.

तुमची
कुमुद

(सुहासिनीआजी, सलाम. मी सगळं जसं सांगितलं तसंच लिहिलंय. मी कुणाला काही सांगणार नाही. पण काकांची पाटी वाचायला रोज मीच येते, तेव्हा आता त्यांच्या तोंडाकडे बघवणार नाही. — मुबश्शिरा)

---

शनिवार पेठ, सातारा
४ एप्रिल २०२५

चि. सौ. कुमुद हिस,
सुहासिनीचे अ. उ. आ. वि. वि.

मुबश्शिरा, हे पत्र तुझ्या नावाने धाडलंय, गोपाळ घरात नसताना वाचून दाखव. ईद झाली असेल, तुला आणि घरच्यांना आमच्या सगळ्यांच्या शुभेच्छा.

कुमुद, मी रागावलेली नाही. दोन दिवस रागवायचा प्रयत्न केला. पाडव्याला गुढी उभारली, उतरवली, तरी तुझं पत्र डोक्यात होतं.

तुला एक सांगते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या यांना जाऊन अकरा वर्षं झाली. ते काय बोलायचे ते मला सगळं आठवतं. कुठल्या शब्दावर अडायचे, कुणाला काय म्हणाले, सगळं. पण आवाज आठवत नाही. जाड होता की बारीक होता, एवढंही आता मुलीला विचारावं लागतं. कधी गेला तो दिवसही कळला नाही. त्या काळात घरात कुठलं यंत्र आलं नव्हतं, दुसरं कुणी त्यांच्या जागी बोललं नव्हतं. मी जपत होते, तुझ्यासारखीच, आणि जपता जपता गेला. म्हणून म्हणते, तू नळी डब्यात ठेवलीस तरी तो राहणार नाही. मला खोटं सांगता आलं असतं, पण तुला आवाजावरून खोटं ओळखता येतं, आणि मुबश्शिराच्या आवाजात माझं खोटं लपणार नाही.

माझे हे गेले आहेत. तुझे खुर्चीत बसले आहेत. गोपाळने मला लिहिलंय की तो भांडी मुद्दाम जोरात ठेवतो, तो घरात आहे हे तुला कळावं म्हणून. एवढं तो मला सव्वाशे किलोमीटरवर लिहून कळवतो आणि तू हातभर अंतरावर असून तुला सांगता येत नाही.

तू काय करायचं ते मी सांगणार नाही. गोपाळला मी कळवणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. नातं कुठलं तुटतंय? गुडघा साथ देतोय तोवर मीच तिकडे येऊन तुझ्या हातची भाकरी खाणार आहे.

तुझी
वन्सं

---

विश्रामबाग, सांगली
१३ एप्रिल २०२५

ती. ताईस,
गोपाळचा शि. सा. न. वि. वि.

नळी मिळाली. गुरुवारी सकाळी कुमुदने माझ्या हातात पाकीट दिलं आणि स्वयंपाकघरात गेली. पाकिटावर कुरिअरचा शिक्का अकरा मार्चचा आहे. कुठे होतं ते विचारायला मला आवाज नव्हता, आणि आवाज आल्यावर विचारावंसं वाटलं नाही.

यंत्र कपाटावरून काढलं. चार्ज केलं. टोपण बसवलं, नळी लावली, टोक जिभेच्या बाजूला धरलं. पहिलं काय बोलायचं ते ठरवून ठेव म्हणून तू लिहिलं होतंस. मी डिसेंबरपासून ठरवत होतो. बरीच वाक्यं होती. ती सगळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

कुमुद कढईतलं परतत होती. तिने मागे वळून मीठ घेतलं आणि परत वळताना तिचा पदर खांद्यावरून घसरून शेगडीच्या दिशेने गेला. असं याआधीही दोनदा झालं आहे, तेव्हा मी टाळ्या वाजवत धावलो होतो आणि टाळीचा अर्थ हो की नाही हे न कळून ती तिथेच उभी राहिली होती. या वेळी मी बटण दाबलं. “कुमुद, पदर.”

शब्द स्पष्ट आले. आवाज कसा होता विचारू नकोस. तिने लगेच पदर ओढून कमरेला खोचला आणि गॅस बंद केला. मग तशीच ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मागे न वळता तिने विचारलं, “कोण?”

“मी,” म्हणालो.

ती खाली फरशीवर बसली. मीही बसलो. नळीत लाळ गेली होती, ती पुसली. ठरवलेल्या वाक्यांपैकी एकही अजून बोललेलो नाही. त्यांची गरज होती की नाही तेही आता आठवत नाही. भाजी करपली होती, ती खाल्ली.

नळी दर तीन महिन्यांनी बदलावी लागते. अश्लेषाला सांग, पुढची आतापासूनच मागवून ठेवावी. दुसरा नंबर तुझा आहे हे लक्षात आहे. जरा सराव होऊ दे. तोवर पत्रातूनच ओळख ठेव.

तुझा
गोपाळ

---

सांगली
२ मे २०२५

ती. वन्सं यांस,
कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

लिहिणारी मुबश्शिराच हाय. या बारीला हे घरात हायेत, पलीकडं पेपर वाचत बसल्यात, यंत्रानं. एक बातमी वाचाय अर्धा तास लागतो. मधीच बातमी सोडून स्वतःचं सांगाय लागत्यात, ते गेलं न्हाई.

तुमी सांगितलं तसंच झालं. आवाज गेला. तुमाला दिवस कळला न्हाई, मला कळला. ह्यांनी बोलाय लागल्यावर पाचव्या दिवशी दुपारी मी बसून आठवाय लागले, ‘कुमुद, दार’ ऐकाय गेले, तर मिक्सरच आला. परत परत बघितलं. न्हाईच. मी रडंल म्हणून थांबले. रडू आलं न्हाई. उठले, पीठ मळलं. हाताला पीठ किती घट्ट झालं ते कळंना, म्हणून हाक मारून ह्यांस्नी विचारलं. हे आले, बोट दाबून बघितलं आन म्हणाले, दगड झालाय, कुणाच्या डोक्यात घालतीस? यंत्रात राग कळत न्हाई असं तो मिरजेचा डॉक्टर म्हणत हुता. मला कळला. चार-पाच महिन्यांत पयल्यांदा मला कोण तरी बोललं. मी बी बोलले. मग लय वेळ भांडलो पिठावरनं. ह्यांची नळी भरायची तवा मी थांबायची, पुसून झाली की परत.

डब्याचं ह्यांनी विचारलं न्हाई. मी सांगितलं न्हाई. सांगंल कवा तरी.

तुमास्नी वाटंल आता कुमुद सुखात हाय. तसं काय म्हणता येत न्हाई, वन्सं. आवाज ह्यांचा न्हाई आन मला तो कवा आवडंल असं बी वाटत न्हाई. पर मी आतल्या खोलीत असले आन ह्यांस्नी मी दिसले न्हाई की हे घरभर हिंडत बटण दाबून माझं नाव घेत्यात. पयल्या आठवड्यात मी ऐकून गप बसायची. आता बसत न्हाई.

हाक आली की ओ देते.

तुमची
कुमुद